मन लागत नाही तेव्हा काय करावे: रोजच्या सवयी आणि मानसोपचार

‘हल्ली कशातच मन लागत नाही,’ असे घरातल्या कुणी सांगितले की त्याला बहुधा दोन सल्ले मिळतात. ‘विचार करणं सोड,’ हा पहिला आणि ‘थोडं बरं वाटू दे, मग सगळं सुरू कर,’ हा दुसरा. पहिला सल्ला पाळताच येत नाही, कारण विचार ठरवून थांबत नाहीत. दुसरा ऐकायला मायेचा वाटतो, पण अधिक नुकसान तोच करतो. उदास माणूस हळूहळू बाहेर पडणे टाळतो, फोन उचलत नाही, आवडीची कामे पुढे ढकलतो. त्यामुळे दिवसभरात समाधान देणारे, कुणाशी बांधून ठेवणारे जे लहानसहान प्रसंग सहज घडत असत ते घडेनासे होतात, मन आणखी खचते, आणि खचलेल्या मनाला उरलेली कामेही डोंगराएवढी वाटू लागतात. अशा वेळी उत्साहाची वाट पाहत बसले तर तो येत नाही. तो हालचालीच्या मागून, आणि तोही थोडा उशिराच, येतो. म्हणून पुढे सवयींपासून मानसोपचारापर्यंत जे काही सांगितले आहे, त्यात कृती आधी आणि मनःस्थिती नंतर असाच क्रम धरला आहे.

या तत्त्वावर बेतलेल्या उपचाराला ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइनसन यांनी १९७०च्या दशकात त्याचा पाया घातला. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट करून त्यांतल्या एका गटाला हा उपचार देऊन पाहिला. समुपदेशक मानसशास्त्रातले पदवीधर नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. २०१७ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. सामान्य माणसाला शिकवता येण्याइतकी ही पद्धत साधी आहे, हे त्यातून दिसले. आणि साधी असल्यामुळेच तिचा बराच भाग घरी करता येतो.

सुरुवात नोंदीपासून

सवय बदलण्याआधी आठवडाभर फक्त नोंद ठेवावी. साधी शाळेची वही पुरते. दिवसातून चार-पाच वेळा, त्या वेळी आपण काय करत आहोत आणि मनाची स्थिती शून्य ते दहामध्ये किती आहे, एवढेच लिहायचे. रात्री एकदम बसून दिवसभराची नोंद करू नये, कारण उदास मन दिवसाची आठवण करताना सगळा दिवसच काळा करून टाकते.

समजा, नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या वहीतले मंगळवारचे पान असे आहे. ‘सात ते साडेआठ: जाग आली होती, अंथरुणातच मोबाइल. मन २. नऊ: चहा घेतला, पेपर उघडला नाही. मन ३. अकरा: सूनबाईंनी निवडायला तांदूळ दिले, निवडले. मन ५. दोन ते पाच: झोप. मन २. सहा: गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घातले, शेजारच्या नानांशी दोन शब्द. मन ५. दहा: बातम्या. मन ३.’ या गृहस्थांना विचारले असते, तर ‘मंगळवार? नेहमीसारखाच, वाईट गेला,’ असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले असते. वही मात्र दाखवते, की हातात काम होते आणि माणूस समोर होते तेव्हा मन दोनवरून पाचवर आले, आणि अंथरुणात व टीव्हीसमोर ते पुन्हा खाली घसरले. पाच म्हणजे आनंद नव्हे, पण दोन आणि पाच यांत जो फरक आहे त्याचाच आधार पुढे घ्यायचा असतो.

आठवड्याअखेरीस पानांवर नजर टाकून दोन याद्या कराव्यात: मन थोडे तरी वर नेणाऱ्या गोष्टींची एक आणि खाली ओढणाऱ्या गोष्टींची दुसरी. मग पुढच्या आठवड्यासाठी पहिल्या यादीतून तीनच गोष्टी निवडाव्यात, त्यांतली एक तरी हाताने करण्याची, एक शरीराची आणि एक माणसांची असावी. प्रत्येक गोष्टीला वार, वेळ आणि जागा द्यावी. ‘रोज फिरायला जाईन’ हा संकल्प असतो. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला चप्पल घालून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन परत येईन’ ही योजना असते. काम इतके लहान असावे, की अगदी वाईट दिवशीही ते जमेल. अर्धा तास चालणे जड वाटत असेल तर पाच मिनिटे चालावे, पाच मिनिटेही नको वाटत असतील तर कपडे बदलून जिन्यापर्यंत जावे आणि वहीत ते लिहावे. ठरलेल्या वेळी मन ‘आज नको’ म्हणेल, हे आधीच गृहीत धरावे. ते म्हणाले तरी जायचे, एवढाच या पद्धतीचा नियम आहे. पहिल्या आठवड्यात मनाचे आकडे हलले नाहीत तरी योजना मोडू नये. आधी हालचाल वाढते आणि मनाला सुधारणा जाणवायला तीन-चार आठवडे लागू शकतात.

सध्या लोकप्रिय झालेली ‘कृतज्ञतेची वही’ मी या टप्प्यावर सुचवणार नाही. ज्याचे मन बऱ्यापैकी स्थिर आहे त्याला रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा उपयोग होत असेल, परंतु नैराश्यातल्या माणसाला ती यादी ‘एवढे सगळे असून मी असा’ या अपराधीपणाचा आणखी एक पुरावा वाटू शकते. सकाळी सकाळी येणारे व्हॉट्सॲपवरचे सुविचारही त्याच जातीचे.

झोपेची शिस्त

सगळ्या सवयींमध्ये एकच हाती घ्यायची असेल तर झोपेची घ्यावी. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, कारण झोप बळेच आणता येत नाही. उठायची वेळ मात्र हातात असते. म्हणून उठण्याची एक वेळ ठरवून ती रविवारीही पाळावी, रात्री झोप कमी झाली असली तरीही. उठल्यावर अर्ध्या-एक तासात बाल्कनीत, अंगणात किंवा रस्त्यावर उजेडात यावे, कारण शरीरातले घड्याळ सकाळच्या प्रकाशावर लागते.

अंथरुण झोपेसाठीच ठेवावे. त्यावर बसून जेवणे, हिशेब करणे, मोबाइल पाहणे बंद करावे. एका खोलीच्या घरात हे कठीण आहे, हे मान्य. तिथे निदान गादी दिवसा गुंडाळून ठेवावी आणि झोपायच्या वेळीच घालावी. दिवा मालवून साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर कूस बदलत पडून न राहता उठावे, मंद उजेडात खुर्चीत बसून काहीतरी कंटाळवाणे करावे आणि डोळे जड झाल्यावरच पुन्हा आडवे व्हावे. घड्याळाकडे पाहू नये, वीस मिनिटे अंदाजाने मोजावीत. दुपारची झोप पूर्ण सोडता आली तर उत्तम. नाहीतर तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटांपुरती ठेवावी. चहा-कॉफीतल्या कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या चहाचा निम्मा अंमल अकरालाही शिल्लक असतो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि दुसऱ्या दिवशीची धडधड व चिडचिड वाढते. ‘झोपेपुरती’ घेतलेली दारू म्हणून झोपेच्या विरुद्धच काम करते.

निद्रानाशासाठी जे मानसोपचार दिले जातात त्यांचा कणा हेच नियम आहेत. पहिले काही दिवस दिवसा पेंग येते आणि पद्धत चुकते आहे असे वाटते. तरीही नियम दोन-तीन आठवडे पाळावेत. मात्र त्या काळात पेंग असताना गाडी चालवू नये. ज्यांना आकडी येते किंवा ज्यांना द्विध्रुवीय विकार, म्हणजे बायपोलर, आहे त्यांनी झोपेत फेरफार डॉक्टरांना विचारूनच करावेत, कारण त्यांच्या बाबतीत कमी झोप धोक्याची ठरू शकते.

काळजी आणि विचार

काही लोकांचा त्रास उदासीपेक्षा काळजीचा असतो. मुलाची नोकरी, गुडघ्याचे ऑपरेशन, कर्जाचा हप्ता, असे एकातून एक निघत जाते. त्यासाठी ‘काळजीची वेळ’ ठरवावी: रोज संध्याकाळी, झोपण्याच्या बरेच आधी, वीस मिनिटे आणि एकच ठरलेली खुर्ची. दिवसभरात काळजीचा विचार आला की कागदावर एका शब्दात लिहायचा, ‘गुडघा’, ‘हप्ता’, आणि संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवायचा. ठरल्या वेळी कागद घेऊन बसावे. ज्याबद्दल काही करता येण्यासारखे आहे त्यासमोर पुढची पायरी लिहावी, ‘बँकेत गुरुवारी विचारणे’. ज्याबद्दल काहीच करता येत नाही त्यासमोर रेघ मारावी. संध्याकाळपर्यंत यादीतले निम्मे शब्द फिके पडलेले असतात.

मराठी वाचकांना विचार तपासण्याची एक पद्धत बऱ्याच वर्षांपासून परिचित आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणला आणि अनेकांना शिकवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की घटनेमुळे थेट भावना निर्माण होत नाही. मध्ये त्या घटनेविषयीचे आपले मत असते, आणि बहुतेक वेळा त्या मतात एक ‘च’ दडलेला असतो. ‘सगळ्यांनी माझा मान राखलाच पाहिजे.’ ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ समजा, धाकट्या जावेने लग्नाच्या बैठकीला बोलावले नाही आणि चार दिवस डोके भणभणले. वहीत तीन ओळी लिहाव्यात: काय घडले, मी मनाशी काय म्हणाले, त्यामुळे काय झाले. मधल्या ओळीत ‘मला डावललं, आता या घरात माझी किंमतच नाही’ असे निघाले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत: याला पुरावा काय, दुसरे कारण असू शकते का, आणि खरेच डावलले असेल तरी ते असह्य आहे का फक्त वाईट आहे. हेतू वाईट वाटणे पुसण्याचा नसतो. वाईट वाटावे, पण चार दिवस जेवण तुटावे इतके नव्हे, एवढाच पल्ला गाठायचा असतो.

श्वासाचे व्यायाम मी थोडक्यातच सांगतो. जीव घाबरा होतो तेव्हा श्वास सोडण्याची क्रिया घेण्यापेक्षा लांब ठेवावी, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील अशी, पाच मिनिटे. शांत असताना रोज सराव केला तरच गडबडीच्या वेळी ते आठवते. छातीत दुखणे, घाम, हात भरून येणे अशी लक्षणे पहिल्यांदाच आली असतील तर मात्र श्वास मोजत न बसता आधी ईसीजी काढावा.

घरच्या उपायांची मर्यादा

सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ उदासी किंवा कशातच रस नसणे, त्याबरोबर झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणे यांत बदल, आणि रोजच्या कामात अडथळा असे चित्र असेल, तर तज्ज्ञाला भेटावे. यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले तर भेट टाळू नये. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, आणि त्याचे उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही असो, वाट पाहू नये. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांतील ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते, त्यामुळे आपण एकटेच इतके दिवस थांबलो असे वाटून संकोच करण्याचे कारण नाही.

कुणाकडे जावे, हा गोंधळ खरा आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात आणि औषधे तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते आणि तिचा क्रमांक विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाचे लोक लावतात, म्हणून तिथे शिक्षण, अनुभव आणि कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम चालते, हे स्पष्ट विचारावे. त्रास तीव्र असेल, विचित्र आवाज ऐकू येत असतील, झोप-जेवण पूर्ण तुटले असेल, तर सुरुवात मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करावी. पहिल्या भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या सांगितल्या तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नये. या गोष्टी कमी-जास्त झाल्यानेही थकवा आणि उदासी येते.

खासगी भेटी परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत, तर गोव्यात बांबोळीच्या मनोविकार संस्थेत बाह्यरुग्ण म्हणून केसपेपर काढता येतो. तिथे जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते.

पहिल्या भेटीला जाताना वही न्यावी, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत आणि ‘मला काय बदलायचे आहे’ हे एका वाक्यात लिहून न्यावे. ‘सुखी व्हायचे आहे’ यापेक्षा ‘पुन्हा दुकानात बसायचे आहे’ हे वाक्य उपचार करणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडते. चांगला थेरपिस्ट पहिल्या दोन-तीन भेटींत त्रास कशामुळे टिकून आहे याबद्दलचा आपला अंदाज सांगतो, साधारण किती भेटी लागतील ते बोलतो आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांसाठी काम देतो. ते काम बहुधा वर सांगितलेल्यासारखेच असते. फरक इतकाच, की कुठे अडते हे पाहणारा माणूस समोर असतो. उपचाराचा बराचसा भाग अशा मधल्या दिवसांतच घडतो, म्हणून फक्त आठवड्याचा तो एक तास मन मोकळे करून घरी येणाऱ्याला बरे वाटते, पण फारसे बदलत नाही. चार-पाच भेटींनंतरही काही हलले नाही किंवा त्या व्यक्तीशी सूर जुळला नाही, तर तसे तिलाच सांगावे आणि गरज पडल्यास दुसरीकडे जावे. जो पत्रिका मागतो, ‘श्रद्धा कमी पडते’ म्हणतो किंवा तुमच्या नकळत घरच्यांना सगळे सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आरोग्यविम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते.

औषधांविषयी दोनच गोष्टी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्या काही दिवसांत जाणवतात, आणि नेमके याच काळात लोक त्या सोडतात. बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने सुरू ठेवायच्या असतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. ‘सवय लागेल’ ही भीती खरे तर अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या व घबराटीच्या गोळ्यांना अधिक लागू पडते, ज्या लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे आणत राहतात.

घरच्या माणसाने ‘काही लागलं तर सांग’ एवढे म्हणून थांबू नये, कारण खचलेला माणूस काही मागत नाही. ‘दादा, साडेसहाला मी खाली उभा आहे, तू चप्पल घालून ये, आपण कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ,’ हे वाक्य अधिक कामाचे. तो नाही म्हणाला तर वाद घालू नये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा खाली उभे राहावे. ‘आता मी कुणाला त्रास देणार नाही’ अशी निरवानिरवीची भाषा ऐकू आली, तर ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, शेतावरची कीटकनाशके आणि घरातल्या गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा किंवा दुसऱ्याच्या घरी हलवावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे किंवा १४४१६ वर फोन लावावा.

बरे वाटू लागल्यावर वही बंद करण्याआधी शेवटच्या पानावर एक यादी करावी: मागच्या वेळी घसरण सुरू झाली तेव्हा सर्वांत आधी काय सुटले? कुणाचे पेपर वाचणे सुटते, कुणाची दाढी, कुणी बहिणीचे फोन घेणे बंद करते. ती दोन-तीन चिन्हे आणि त्यांपुढे ‘असे दिसले तर पहिल्या आठवड्यात काय करायचे’ हे लिहून ते पान घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवावे, कारण पुढच्या वेळी ती चिन्हे बहुधा त्याच्याच लक्षात आधी येतील.